जुन्या इंदुरातल्या दोन पेट्या

पेटी म्हटले की आम्हा गोवेकरांच्या डोळ्यांपुढे हार्मोनियम उभी राहते. देवळातला उत्सव असो, भजनी सप्ताह असो की नाटकाची तालीम असो, पेटीवाला आला का हा पहिला प्रश्न. आज ज्या दोन पेट्यांविषयी लिहायला बसलो आहे त्या मात्र वाजवायच्या नव्हेत, ऐकायच्या आहेत. प्रत्येकी फूटभर उंच, साडेसात इंच रुंद आणि सव्वासहा इंच खोल. वजन पाच किलोच्या किंचित वर. पुढे काळपट जाळीचे कापड, मागे एक लाल आणि एक काळे टोक. कोणी न सांगता पाहिल्या तर जुन्या बाजारात शंभर-दोनशे रुपयांना मागेल अशा. त्यांचे नाव एलएस ३/५ए. बीबीसीने, म्हणजे ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने, स्वतःच्या प्रक्षेपणाची पारख करण्यासाठी तयार केलेले हे स्पीकर. ही जोडी मला जुन्या इंदुरात मिळाली. ती कशी मिळाली आणि तिने मला काय शिकवले, ते सांगतो.

इंदूरला माझ्या बायकोचे मामा राहतात. पाच पिढ्यांपासूनचे इंदुरी मराठी कुटुंब. गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. ‘‘जावईबापू, तुम्हाला ते जुन्या गाण्यांचं आणि जुन्या यंत्रांचं वेड आहे ना? आपल्या जुन्या इंदुरात नाना आहेत. त्यांचं घर पाडायचं ठरलं आहे. भावानं विलायतेहून आणलेले कसलेसे स्पीकर आहेत म्हणतात. भंगारवाला नेण्याआधी येऊन पाहून जा.’’ मी कसल्याशा स्पीकरांचा फोटो मागवला. फोटोत मागची पट्टी दिसली, तिच्यावर ‘रॉजर्स’ आणि ‘बीबीसी’ ही नावे वाचली, आणि त्याच दिवशी तिकिटे काढली.

गोव्याच्या माणसाला इंदूर परके वाटत नाही, याला कारण आहे. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची बळवंत संगीत मंडळी गावोगाव फिरत असे, आणि २८ सप्टेंबर १९२९ रोजी त्यांची थोरली मुलगी जन्मली ती याच इंदुरात. लताबाईंचे मूळ मंगेशीचे आणि जन्मगाव इंदूर, हे दोन्ही गावांना सारख्याच अभिमानाने सांगताना मी ऐकले आहे. शहराजवळच्या पिगडंबर गावी सुमन चौरसिया यांनी लताबाईंच्या नावाने ध्वनिमुद्रिकांचे संग्रहालयच उभे केले आहे. होळकरांनी आणि देवासच्या पवारांनी गवयांना आश्रय दिला. रजबअली खाँ देवासला राहिले. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन हवापालटासाठी देवासला आले ते कायमचेच. आणि उस्ताद अमीर खाँ तर इंदूरचेच म्हणायचे. त्यांचे वडील शहामीर खाँ होळकर दरबारी सारंगी वाजवीत. त्यांच्या गायकीला आज इंदूर घराणे म्हणतात.

आता जुनी इंदूर म्हणजे काय, ते न पाहिलेल्यांसाठी सांगतो. राजवाडा, सराफा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या हे आपण चित्रांतून पाहिलेले इंदूर नदीच्या एका अंगाला. जुनी इंदूर ही त्याच्याही आधीची, होळकर येण्यापूर्वीची जमीनदारांची वस्ती. १८१८ साली मंदसौरचा तह झाल्यावर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली, तेव्हाही ही वस्ती जुनीच होती. अरुंद गल्ल्या, लाकडी खांबांची घरे, मातीच्या आणि चुन्याच्या जाड भिंती. शनीचे प्रसिद्ध देऊळ इथलेच. शनिजयंतीला तिथे गाणे होते आणि नावाजलेले गवई येऊन हजेरी लावून जातात. अशा एका गल्लीत, माडीवरच्या खोलीत, नाना माझी वाट पाहत बसले होते.

वय चौऱ्याऐंशी. अंगात लोकरी बंडी, डोक्याला मफलर. पोस्टात चाळीस वर्षे कारकून. मी नमस्कार केला तसे म्हणाले, ‘‘बसा न. आधी पोहे-जिलेबी होऊ द्या, मग ते डबे दाखवतो.’’ ते त्या स्पीकरांना शेवटपर्यंत डबेच म्हणत राहिले. त्या शब्दामागे काय आहे ते मला उशिरा कळले.

पोहे खाता खाता कळले की पोस्टात त्यांच्याकडे बरीच वर्षे रेडिओच्या परवान्यांचे काम होते. आजच्या मुलांना सांगून खरे वाटणार नाही, पण ऐंशीच्या दशकापर्यंत घरात रेडिओ ठेवायला सरकारचा परवाना लागे. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तिकेत तिकीट चिकटवून घ्यायचे. ‘‘अर्ध्या जुन्या इंदुराचे रेडिओ माझ्या हाताखालून गेले,’’ नाना म्हणाले. ‘‘कोणाकडे मर्फी, कोणाकडे बुश, सगळं पाठ होतं मला.’’ त्यांचा स्वतःचा मर्फी अजून कोपऱ्यात होता, वर क्रोशाचे विणलेले कापड, त्यावर गणपती.

इंदूरचे आकाशवाणी केंद्र १९५५ च्या मे महिन्यात सुरू झाले. मालवा हाउस हे त्याचे नाव माळव्यात घरोघरी पोचले. खेड्यातल्या श्रोत्यांसाठी नंदाजी आणि भेराजी माळवीतून गप्पा मारीत, त्या ऐकायला शेतकरी पारावर जमत. नाना तेव्हा शाळकरी पोर होते. त्या काळी नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर होते. त्यांनी सिनेसंगीताला दार लावून घेतले म्हणून लोक रेडिओ सिलोनकडे वळले, हे आपण सारेच ऐकून आहोत. पण १९५२ साली शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तोही त्यांच्याच कारकिर्दीत. शनिवारी रात्री तो लागे. नानांचे वडील तेव्हा दिवा मालवून बसत. घरात कोणी भांडे वाजवायचे नाही. नानांनी अमीर खाँसाहेब आधी असे ऐकले, अंधारात, मर्फीच्या हिरव्या डोळ्याकडे पाहत.

इथे थोडे थांबून त्या डब्यांचा इतिहास सांगायला हवा.

रेडिओ केंद्रात स्टुडिओ असतो आणि त्याला लागून काचेपलीकडे नियंत्रण कक्ष असतो. गवई स्टुडिओत गातो. काचेपलीकडे बसलेल्या अभियंत्याला तो आवाज थेट ऐकू येत नाही, स्पीकरमधूनच येतो. मायक्रोफोन जवळ झाला की लांब, तबला चढला का, तंबोरा बुडाला का, हे सगळे तो स्पीकरच्या भरवशावर ठरवतो. तो स्पीकरच खोटे बोलत असेल तर सगळा कारभार बिघडला. दुकानातला स्पीकर गोड वाजला की भागते. नियंत्रण कक्षातल्या स्पीकरने गोड वाजून चालत नाही, त्याने खरे सांगायला हवे. म्हणून त्याला मॉनिटर म्हणतात. वर्गातला मॉनिटर गुरुजींना चुगल्या सांगतो, तसाच हा.

बीबीसीच्या संशोधन विभागाने हा प्रश्न फार मनावर घेतला. डी. ई. एल. शॉर्टर आणि त्यांच्यानंतर डडली हारवुड यांनी कित्येक वर्षे एकच उद्योग केला. माणसाला बोलायला किंवा वाद्यवृंदाला वाजवायला लावायचे, प्रत्यक्ष ऐकायचे, मग शेजारच्या खोलीत जाऊन तोच आवाज स्पीकरमधून ऐकायचा आणि फरक शोधायचा. ही सोय जगात फार थोड्या लोकांना होती, कारण स्टुडिओ आणि प्रयोगशाळा एकाच संस्थेच्या. बोलण्याच्या आवाजाला त्यांनी फार महत्त्व दिले. ओळखीच्या माणसाचा आवाज जरासा बदलला तरी कानाला लगेच कळते. सारंगीतला तेवढाच बदल कदाचित सुटून जाईल.

एलएस ३/५ए चा जन्म मात्र आडवाटेने झाला. नव्या स्टुडिओत आवाज कसा घुमेल हे बांधण्याआधीच कळावे म्हणून बीबीसीच्या लोकांनी स्टुडिओच्या एक-अष्टमांश आकाराच्या प्रतिकृती करून पाहिल्या. त्या खेळण्याएवढ्या खोलीसाठी लहान स्पीकर हवा होता. तो केला, आणि तो इतका चांगला वाजला की बाहेरगावी प्रक्षेपणाला जाणाऱ्या गाडीत हाच का बसवू नये, असे त्यांच्या मनात आले. गाडीत जागा थोडी, मोठा स्पीकर मावत नाही. त्यातून सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात हा स्पीकर आकाराला आला. बीबीसीच्या क्रमांकपद्धतीत ३ हा आकडा बाहेरच्या प्रक्षेपणाचा आणि ५ हा स्टुडिओचा. तिरक्या रेघेनंतरचा ५ हा नुसता अनुक्रमांक. शेवटचा ‘ए’ म्हणजे सुधारित आवृत्ती.

आतले दोन्ही भाग केईएफ या इंग्रज कंपनीचे. खालचा पाच इंची बी ११० आणि वरचा टी २७. बीबीसी स्वतः विक्रीसाठी माल करीत नसे, म्हणून तिने परवाने दिले. रॉजर्स, चार्टवेल, ऑडिओमास्टर, पुढे स्पेंडर, गुडमन्स, हारबेथ, केईएफ अशा अनेकांनी हे स्पीकर केले. यातल्या दोन नावांत एकेक संसार दडला आहे. बीबीसीचेच स्पेन्सर ह्यूज यांनी स्वतःचे आणि पत्नी डोरोथीचे नाव जोडून ‘स्पेंडर’ केले. हारवुड यांनी १९७७ साली स्वतःच्या आडनावाला पत्नी एलिझाबेथचे नाव जोडून ‘हारबेथ’ केले. आपल्याकडे घराला आई-वडिलांची नावे देतात, त्यातलाच प्रकार.

आणखी एक धागा मला फार आवडतो. १९३५ साली बीबीसीतून लायोनेल फील्डन हिंदुस्थानात आले आणि १९३६ साली आपल्या प्रक्षेपण सेवेचे नाव ऑल इंडिया रेडिओ झाले. त्याच वर्षी देशात रेडिओ केंद्रे कुठे आणि कशी उभारावीत याची पाहणी करायला बीबीसीतून एच. एल. कर्क आले होते. हे कर्क बीबीसीच्या संशोधन विभागाचे प्रमुख. ज्या विभागातून पुढे या पेट्या निघाल्या, त्याच विभागाचा माणूस आपल्या आकाशवाणीच्या पायाभरणीला हजर होता. तेव्हा बीबीसीची पेटी जुन्या इंदुरात येणे हा योगायोग असला तरी अगदीच बिनबुडाचा नाही.

आता नानांच्या खोलीत परत येऊ. स्पीकर आणले धाकट्या भावाने. तो १९७० साली लंडनला गेला, दहा-अकरा वर्षे राहिला, आणि आईसाठी परत आला. तेव्हा परदेशी वस्तू आणणे म्हणजे जकातीचे दिव्य. तरी त्याने कपड्यांची एक पेटी कमी केली आणि हे स्पीकर आणले. सोबत एक ॲम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर. पहिल्याच संध्याकाळी त्याने सगळ्यांना माडीवर बोलावले आणि अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारीची मोठी तबकडी लावली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी.

‘‘आणि मी म्हणालो,’’ नाना सांगत होते, ‘‘हा आमचा खाँसाहेब नाही. हा कोणीतरी विहिरीत बसून गाऊन राहिला आहे. चांगलं वाजत असेल विलायतेत, आम्हाला आपला मर्फी बरा.’’

भाऊ काही बोलला नाही. तोही कबूल करीत असे की लंडनच्या खोलीत जसे वाजत तसे इथे वाजत नाहीत. कधी व्होल्टेजला दोष देई, कधी माळव्यातल्या धुळीला, कधी मातीच्या भिंतींना. हळूहळू त्याने ते लावणे सोडले. दोघा भावांत त्यावरून थट्टा होई, आणि थट्टेला जराशी धारही असे. तो १९९६ साली गेला. स्पीकर जिथे होते तिथेच राहिले.

मी सगळे जोडून पाहिले. ॲम्प्लिफायर गुरगुरत का होईना, चालत होता. रेकॉर्ड प्लेअरचा रबरी पट्टा वितळून चिकटला होता. दुसऱ्या दिवशी जेल रोडवर हिंडून मापाचा पट्टा आणला. तबकडी लावली. नाना म्हणाले तेच खरे. आवाज पोकळ. खाँसाहेब समोर नाहीतच, खोलीभर पसरलेले, आणि खर्जात उतरले की जवळजवळ नाहीसे. माझ्या मनात पाल चुकचुकली. खालचा भाग गेला असेल का? कोणी वरचा बदलून दुसराच बसवला असेल का? या स्पीकरांत वरच्या भागाची पातळी जुळवण्यासाठी आत एक लहानसा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि प्रत्येक पेटीला तो वेगळा जुळवलेला असू शकतो. एक भाग परस्पर बदलला की जोडी मोडली. म्हणूनच असे स्पीकर घेताना दोन्ही पेट्यांचे क्रमांक लागोपाठचे आहेत का ते आधी पाहतात. इथे ते होते.

खरे सांगायचे तर त्या रात्री माझ्या मनात आणखी एक गोष्ट आली आणि ती लपवण्यात अर्थ नाही. नानांनी किंमत सांगितली होती, पाच हजार. चांगल्या स्थितीतल्या जुन्या जोडीला परदेशात लाखावर रुपये मोजतात हे मला ठाऊक होते. आवाज बिघडलेला आहे, नानांना ते आवडत नाहीत, घर पडणार आहे. गप्प बसलो तर कोणाचे काय जाते? असा विचार करीत मी मामांच्या घरी झोपलो. झोप लागली नाही.

सकाळी परत गेलो आणि जाळ्या उतरवल्या. त्या काढताना दिसले की वरच्या भागाभोवती जाड नमद्याची चौकट आहे. पेटीच्या कडांवर आदळून आवाज विस्कटू नये म्हणून ती असते. दोन्हींची चौकट शाबूत. खालचा पडदा बेक्सट्रीन नावाच्या प्लॅस्टिकचा आणि कड रबराची, त्यामुळे कागदी पडद्यासारखा तो कुजत नाही की फोमच्या कडेसारखा भुगा होत नाही. मग मी नानांच्या टॉर्चमधला एक सेल मागितला. सेलचे अधिक टोक लाल टोकाला, उणे टोक काळ्याला, क्षणभरच लावायचे. पडदा पुढे आला पाहिजे. पहिल्या पेटीचा पुढे आला. दुसरीचाही पुढे आला. दोन्ही पेट्या निर्दोष होत्या.

मग दोष कुठे? मी तारेच्या मागे लागलो. भावाने इंदुरात आल्यावर भिंतीवरून लांब तार नेली होती. दोन पदरी, दोन्ही पदर एकाच तपकिरी रंगाचे. एका पेटीची तार सरळ आली होती. दुसऱ्या पेटीची तार खांबाला वळसा घालताना पिळली गेली होती आणि तिची टोके उलट बसली होती.

याचा परिणाम काय होतो ते सोप्या भाषेत सांगतो. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो. खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. ही तबकडी मोनो, म्हणजे दोन्ही पेट्यांतून तंतोतंत एकच आवाज. तो जेव्हा दोन्हींकडून एकसारखा येतो तेव्हा कानाला गायक बरोबर मधोमध बसलेला भासतो, जिथे मुळात स्पीकरच नाही तिथे. टोके उलट असली की ती मधली जागा रिकामी पडते. नाना म्हणाले ते ‘विहिरीत बसून’ अगदी बरोबर होते. त्यांच्या कानाने चूक पकडली होती. फक्त ती पेट्यांची नव्हती, दोन बोटे तारेची होती.

मी टोके बदलली. खिडक्या लावल्या. नानांना मधोमध गादीवर तक्क्याला टेकून बसवले. पेट्या भिंतीपासून हातभर पुढे, स्टुलावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. तबकडीवर दरबारी लावला.

खाँसाहेब मधे येऊन बसले. दुसरा शब्द मला सुचत नाही. मागे तंबोरा, एका बाजूला नाही, मागे. विलंबितातली ती एकेक पायरी उतरत ते खाली गेले आणि आवाज पुसला गेला नाही, जाड झाला. हिशेबाने पाहिले तर ही पेटी सुमारे ७०-८० हर्ट्झच्या खाली फारशी जात नाही. काळी एक पट्टीच्या पुरुष गायकाचा मधला षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, खर्जातला ६९ च्या आसपास. म्हणजे अगदी उंबरठ्यावर. पण तंबोऱ्याचे आणि खर्जाचे बळ त्याच्या वरच्या स्वरांशांत असते, ते नीट आले की मूळ स्वर कान स्वतः भरून घेतो. मातीच्या जाड भिंती आणि गाद्या-तक्के यांनी उरलेले काम केले. ज्या भिंतींना भावाने दोष दिला होता त्याच भिंती.

बाजू संपली. नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘पंधरा-सोळा वर्षं मी त्या बिचाऱ्याला चिडवत राहिलो. आणि तो तारेकडे न पाहता माळव्याच्या धुळीला शिव्या देत राहिला.’’ थोडे थांबून पुन्हा म्हणाले, ‘‘एकदा तरी ऐकायला हवं होतं त्यानं इथं.’’

मी तेव्हाच किमतीचे सांगून टाकले. परदेशात काय भाव आहे, मला काय परवडेल, सगळे. रात्रभर गप्प राहिल्याचेही सांगितले. ते हसले आणि म्हणाले, ‘‘पोस्टात रोज पैसे मोजले मी. माणूस पैसे मोजताना कसा दिसतो ते मला कळतं. मुलाशी बोलतो.’’ संध्याकाळी त्यांच्या मुलाशी बोलून एक रक्कम ठरली, मला पेलेल आणि मला लाजही वाटणार नाही अशी.

निघताना मी विचारले, ‘‘नाना, मग आता हा तुमचा खाँसाहेब आहे की नाही?’’

त्यांनी जे उत्तर दिले त्यासाठीच खरे तर हा लेख लिहिला. म्हणाले, ‘‘हे खाँसाहेब खरे आहेत, मान्य. पण मी ज्यांच्यासाठी दिवा मालवून बसलो ते मर्फीतले खाँसाहेब. ते खोटे कसे म्हणू?’’

या प्रश्नाने मी अजून अस्वस्थ आहे. मध्यम लहरींवरून आपल्या घरात येणारा आवाज साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर फारसा जात नसे. त्यात राष्ट्रीय कार्यक्रम दिल्लीहून येई, म्हणजे वाटेत आणखी कातरला जाई, खरखर मिसळे, लहर विरे. दिल्लीच्या काचेपलीकडे बसलेला अभियंता जे ऐकत होता आणि जुन्या इंदुरातले कुटुंब जे ऐकत होते, ते दोन निराळे आवाज होते. आज आपण जुन्या ध्वनिमुद्रणांना खरखर काढून, झळाळी देऊन ऐकतो आणि म्हणतो की हे असे होते. गवयाच्या गळ्यापुरते ते खरेही असेल. पण त्या गाण्याने ज्या लाखो माणसांची आयुष्ये भरली, त्यांच्या कानांपर्यंत ते तसे कधी पोचलेच नव्हते. कर्क यांच्या पाहणीचा विषय तरी काय होता? आवाज दूर कसा पोचवावा. जवळचा आवाज खरा कसा राहावा, हा त्यांच्याच विभागाचा दुसरा उद्योग. एकाच घरातल्या या दोन विद्या, आणि दोन्ही एकाच वेळी कोणाच्या वाट्याला आल्या नाहीत. गवयाचा इतिहास लिहिणाऱ्याने स्टुडिओतला आवाज जपावा. ऐकणाऱ्यांचा इतिहास लिहायचा तर तो मर्फीही लागेल.

अमीर खाँसाहेब १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात गेले. बीबीसीच्या या पेट्या तेव्हा नुकत्याच आकाराला येत होत्या. म्हणजे खाँसाहेबांनी स्वतःचा आवाज त्यांतून ऐकला असण्याचा संभव जवळजवळ नाहीच. आणि ज्या केईएफ कंपनीचे भाग त्यांत होते तिने ते करणे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस थांबवले. ज्यांना असे स्पीकर घ्यायचे असतील त्यांना माझे अनुभवाचे चार शब्द. क्रमांक लागोपाठचे पाहा. सुरुवातीचे १५ ओहमचे आणि १९८७ नंतरचे ११ ओहमचे अशी भेसळ जोडी घेऊ नका. जाळी लावूनच ऐका, जाळी धरूनच ते जुळवलेले आहेत. फार मोठ्याने वाजवू नका, ही घरगुती बैठकीची पेटी आहे, लग्नाच्या मंडपाची नव्हे. ॲम्प्लिफायर मात्र फार दुबळा नको, कारण ही पेटी खाते बरेच आणि बोलते हळू. आणि सगळ्यात आधी मोनो तबकडी लावा. गायक मधोमध बसला नाही, तर किमतीची घासाघीस करण्याआधी तार तपासा.

अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई आणि तिथून कोकण रेल्वेने गोवा, असा प्रवास करून पेट्या आमच्या घरी आल्या. दोन्ही मी मांडीवरच ठेवल्या होत्या म्हटले तरी चालेल. आमचे घर चिऱ्याचे, वर मंगळुरी कौले, खाली गुळगुळीत फरशी. पहिल्या दिवशी आवाज थाळीवर पडलेल्या वाटीसारखा खणखणला. बायकोने मग आजीच्या वेळची जाड गोधडी जमिनीवर अंथरली, भिंतीला पुस्तकांचे कपाट सरकवले, आणि खाँसाहेब पुन्हा मधे येऊन बसले. पावसाळ्यात काय होते ते पाहायचे आहे.

नानांचे घर आता नाही. ते मुलाकडे शहराच्या नव्या भागात, फ्लॅटमध्ये राहतात. मर्फी सोबत नेला. त्याच्या काचेच्या नळ्या गेल्या आहेत, तो वाजत नाही, पण कापड आणि गणपती जागेवर आहेत. परवा मी फोन केला आणि इकडे मारवा लावून फोन पेट्यांपुढे धरला. फोनमधून त्यांना कितीसे ऐकू जाणार. वरचे कापलेले, खालचे नाहीसे झालेले.

बाजू संपल्यावर विचारले, ‘‘कसं वाटलं?’’

‘‘आत्ता बरोबर आहे,’’ नाना म्हणाले. ‘‘अगदी रेडिओसारखं.’’